लग्नाच्या सीझनआधी फुल-फ्रेम कॅमेरा घ्यायचा का? हप्ता सुरू करण्याआधी हे गणित समजून घ्या

सोलापूरच्या गड्डा यात्रेत संक्रांतीच्या संध्याकाळी होम मैदानावर होम प्रदीपन होतं. एकाच फ्रेममध्ये पेटलेला होम, पांढऱ्या बाराबंदीतले भाविक आणि मागे अंधार. गोरज मुहूर्ताच्या लग्नातही हीच अडचण येते. उजेड उतरत असतो आणि अक्षता तर एकदाच पडतात, रिटेक नसतो.

अशा ठिकाणी फोटोत ग्रेन येतात, व्हिडीओ चिखलासारखा दिसतो. मग मित्र सांगतो, "फुल-फ्रेम मिररलेस घेऊन टाक, सगळं सुटेल." बॉडी आणि लेन्स मिळून बिल सहज दीड-दोन लाखांवर जातं. पण खरंच सगळं सुटतं का? तेच समजून घेऊया.

फुल-फ्रेम म्हणजे नेमकं काय?

जुन्या ३५ एमएम रोलची एक फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची असायची. तेवढाच सेन्सर म्हणजे फुल-फ्रेम. मिररलेस म्हणजे डीएसएलआरमधला आरसा काढून टाकलेला कॅमेरा. सोनीने २०१३ मध्ये ए७ आणला आणि हे दोन्ही एकत्र असलेले कॅमेरे सामान्य फोटोग्राफरपर्यंत पोचायला लागले.

आपल्याकडे बऱ्याच जणांकडे असतो तो क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढलं तर फुल-फ्रेम त्याच्या सव्वादोनपटीहून थोडा मोठा भरतो. मोठ्या पातेल्यात पावसाचं पाणी जास्त साठतं, तसंच इथे उजेडाचं होतं.

मग अंधारात फायदा किती?

साधारण सव्वा स्टॉप. म्हणजे एकाच पिढीतले दोन सेन्सर घेतले, तर फुल-फ्रेमवर आयएसओ ६४०० ला जेवढा नॉईज दिसतो, तेवढा क्रॉपवर २७०० च्या आसपासच दिसू लागतो. फरक खरा आहे, पण रात्रीचा दिवस करणारा नाही.

आता लेन्सचा हिशोब बघा. किट लेन्स झूम केली की ॲपर्चर एफ ५.६ वर जातं. त्याऐवजी एफ १.८ ची प्राइम लेन्स लावली, तर सेन्सरच्या प्रत्येक भागावर नऊपटीहून जास्त उजेड पडतो. एफ २.८ ची झूम लावली तरी चौपट मिळतो. बॉडी बदलून मिळतो सव्वादोनपट, लेन्स बदलून चौपट ते नऊपट. आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स बॉडीच्या मानाने बरीच स्वस्त असते.

एक तोटा लक्षात ठेवा. एफ १.८ वर फोकसचा पट्टा फार पातळ होतो. नवरी शार्प आणि शेजारचा नवरा धूसर, असं होऊ शकतं. ग्रुप फोटोला ॲपर्चर बंद करावंच लागतं. तिथे मात्र मोठा सेन्सर आणि चांगला फ्लॅश कामी येतात.

व्हिडीओसाठी काय तपासायचं?

क्रॉप: स्लो मोशनसाठी ४के ५० किंवा ६० फ्रेम्स लागतात. सोनी ए७ फोर (२०२१) आणि निकॉन झेड५ टू (२०२५) या मोडमध्ये सेन्सरचा फक्त मधला, क्रॉप सेन्सरएवढाच भाग वापरतात. म्हणजे ज्यासाठी जादा पैसे मोजले, तो मोठा सेन्सर नेमका वरातीच्या स्लो मोशनमध्ये वापरातच नसतो. कॅनन आर८ (२०२३) पूर्ण रुंदी वापरतो, पण त्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. हातात धरून शूट करणार असाल तर गिंबलचा खर्च धरा.

लाइटचं फ्लिकर: आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट आणि बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. म्हणून कॅमेरा पाल मोडमध्ये ठेवा, २५ फ्रेम्स आणि शटर १/५०. तीस फ्रेम्स आणि १/६० वर मंगल कार्यालयात व्हिडीओत पट्टे सरकताना दिसू शकतात. स्टेजवरची एलईडी वॉल आणि स्वस्त माळा वेगळ्याच गतीने लुकलुकतात, त्यामुळे कार्यक्रमाआधी अर्धा मिनिट शूट करून बघाच.

उष्णता: सोलापूरकरांनी हा मुद्दा सोडूच नये. बहुतेक कंपन्या कॅमेरा वापरण्याची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस लिहितात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो आणि लग्नंही तेव्हाच दणक्यात असतात. लांब ४के रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा तापून बंद पडू शकतो. पॅनासॉनिक एस५ टू (२०२३) मध्ये त्यासाठी आतच पंखा दिलाय. दुसरा कुठलाही कॅमेरा घेणार असाल तर दुपारी, मंडपात, सलग रेकॉर्डिंग करून बघा.

स्टोरेज: १०० एमबीपीएसने ४के शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी लागतात. चार तासांच्या लग्नाला १८० जीबी, आणि बॅकअप धरला की दुप्पट. कार्ड, हार्ड डिस्क आणि एडिटिंगचा कॉम्प्युटर हेही याच खर्चात धरा.

हप्ता परवडतो का?

दोन लाख २४ महिन्यांत फेडायचे तर व्याज सोडूनच महिन्याला ८,३०० रुपयांच्या वर जातात. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, लग्नाचे मुहूर्त जवळपास नसतातच. हप्ता मात्र दर महिन्याला कापला जातो. नव्या कॅमेऱ्यामुळे प्रत्येक ऑर्डरमागे किती जादा मिळणार, हे आधी कागदावर मांडा. गिऱ्हाईक तेवढेच पैसे देणार असेल, तर तो खर्च तुमच्या खिशातूनच जाणार.

मग निर्णय कसा घ्यायचा?

तुमच्याकडे अजून किट लेन्सच असेल, तर आधी एफ १.८ प्राइम आणि एखादी एलईडी लाइट घ्या. एका सीझनमध्ये फरक कळेल.

चांगली लेन्स आहे, लाइट आहे, रात्रीची कामं भरपूर मिळतात आणि तरीही आयएसओ ६४०० च्या खाली येता येत नाही, अशी स्थिती असेल तर फुल-फ्रेमला पैसे घालण्यात अर्थ आहे. जुना कॅमेरा फोकस पकडत नसेल तरीही, कारण नव्या मिररलेसमधला डोळे ओळखणारा ऑटोफोकस अंधुक उजेडात बराच पुढे गेलाय.

फक्त रील आणि यूट्यूबसाठी शूट करत असाल, तर मोबाइलच्या स्क्रीनवर सव्वा स्टॉपचा फरक फारसा दिसत नाही. तोच फोटो करिझ्मा अल्बमच्या दोन पानांवर पसरला की मात्र दिसतो.

विकत घेण्याआधी एक दिवस तोच कॅमेरा भाड्याने घ्या. संध्याकाळच्या एखाद्या खऱ्या कार्यक्रमात तुमच्या जुन्या कॅमेऱ्यासोबत, सारख्याच ॲपर्चरवर शूट करा आणि दोन्ही फोटो अल्बमच्या साइजला प्रिंट काढून शेजारी ठेवा. गिऱ्हाइकाला न सांगता विचारा, कोणता चांगला वाटतो? उत्तर देताना ते अडखळले, तर दोन लाख सध्या बँकेतच राहू द्या.