मूळपेशी, जनुके आणि एका पित्याचा प्रश्न

अहवालवर्षात एक गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. त्यांच्या मुलास सेरेब्रल पाल्सी आहे. स्टेम सेल, म्हणजे मूळपेशींच्या इंजेक्शनाने मूल चालू लागेल, असे त्यांना अन्यत्र सांगण्यात आले होते. त्यासाठी जमीन विकण्याचीही त्यांची तयारी होती. आम्ही वाणिज्य शाखेचे; तथापि या निमित्ताने आमच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते देणगीदार व रुग्णांच्या आप्तांसाठी येथे देत आहोत.

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. त्यांपैकी कोणती जनुके जागृत आहेत, यावर पेशीचे रूप ठरते. वही तीच, उघडलेली पाने मात्र निराळी.

गर्भाच्या मेंदूत सॉक्स-२ हे जनुक मूळपेशींचे मूळपण टिकविते. न्यूरोजेनिन जनुक प्रभावी झाले की पेशी चेतापेशी होण्याच्या मार्गास लागते. त्याच वेळी ती ‘नॉच’ नावाच्या संदेशयंत्रणेद्वारे शेजारणीस थोपवून धरते. त्यामुळे मूळपेशींचा साठा एकदम संपत नाही. न्यासाचा कायम निधी आपण असाच राखतो. या साठ्यातून प्रथम चेतापेशी, नंतर त्यांना आधार देणाऱ्या ताराकृती पेशी आणि पुढे चेतातंतूंवर वेष्टन चढविणाऱ्या पेशी घडतात. या शेवटच्या पेशींसाठी ऑलिग-२ हे जनुक आवश्यक असते.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पक्व पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने पुन्हा मूळपेशींसारखे केले. २०१२ मध्ये ते नोबेलचे सहमानकरी ठरले. क्योटो येथे पार्किन्सनच्या सात रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र तेथे पेशींना प्रयोगशाळेत आधी योग्य वळण देऊन, मगच त्या मेंदूत नेमक्या जागी रोपण केल्या होत्या. केवळ इंजेक्शनाने शरीरात सोडलेल्या पेशींना ही वाट आपोआप सापडत नाही.

म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांवरील प्रस्थापित प्रत्यारोपणाखेरीज मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. कोणी पैसे मागितल्यास चाचणीची मान्यता लेखी मागावी, ही नम्र विनंती.

त्या गृहस्थांची जमीन शाबूत आहे. मुलावर आमच्या भौतिकोपचार विभागात सवलतीच्या दरात उपचार चालू आहेत. ते अद्याप चालत नाही. आधाराने उभे राहते. हा आधार आपल्या देणग्यांतून उभा राहिला आहे, याची आम्हांस कृतज्ञ जाणीव आहे.