पैशाची ओढ आणि बुद्धि

बुद्धि बेताची म्हणून मनुष्य दरिद्री राहतो, हा समज फार जुना आहे, आणि सुशिक्षितांच्या बैठकींतहि तो अधूनमधून डोकें वर काढतो. जबर व्याजानें दागिना गहाण टाकणारा दिसला कीं त्याला अविचारी ठरवून मंडळी मोकळी होतात. परंतु अविचार आधीं कीं ओढगस्त आधीं, हें कळावें कसें? एकच मनुष्य चणचणींत व सुबत्तेंत, दोन्ही वेळां पाहावयास हवा.

तसा योग तामिळनाडूंत उसाच्या शेतीनें आणून दिला. आनंदी मणि, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर व जियायिंग झाओ या अर्थशास्त्राच्या व मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीं ५४ खेड्यांतील ४६४ शेतकरी पाहिले. त्यांचा निबंध २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. उसाचा मुख्य पैसा वर्षांतून एकदांच हातीं येतो. तोडणीपूर्वीं शेंकडा ७८ जणांनीं चीजवस्तु गहाण टाकलेली होती. तोडणीनंतर शेंकडा चारांनीं. दोन्ही वेळां त्यांना आकृतींचीं दहा कोडीं घातलीं, तेव्हां पूर्वीं सरासरीनें सुमारें सव्वाचार सुटलीं, नंतर साडेपांच. मनुष्य तोच!

सरावानें असें झालें असेल, ही शंका स्वाभाविक आहे. म्हणून १०० शेतकरी मुद्दाम मागें ठेवून त्यांची पहिली परीक्षा तोडणीनंतरच घेतली. तेहि इतरांच्या तोडीचेच निघाले. ऋतूचाहि हा परिणाम नव्हे. कारण कारखाने तोडणीच्या पाळ्या लावतात, आणि एकाचा ऊस गेलेला असतां त्याच महिन्यांत दुसऱ्याचा उभा असतो. अभ्यासकांचें म्हणणें असें कीं, मनाची धारणशक्ति मर्यादित आहे. हप्ता, उधारी, किराणा यांच्या हिशेबानें ती अडून राहिली म्हणजे बाकीच्या विचाराला जागा उरत नाहीं.

हा निष्कर्ष सर्वत्र लागू पडलेला नाहीं. अमेरिकेंत पगाराच्या आधीं व नंतर घेतलेल्या परीक्षांत विचारशक्तींत फरक आढळला नाहीं, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. मात्र महिनाअखेरची ओढ आणि वर्षभराची ओढ एका मापाची मानणें धाडसाचें होईल.

हातीं पैसा असण्याची वेळ साधली तर काय होतें, हें पश्चिम केनियांतील मक्याच्या शेतकऱ्यांत दिसलें. खत घ्यावें असें त्यांच्या मनांत असे, पण पेरणीपर्यंत पैसा संपून जाई. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर व जोनाथन रॉबिन्सन यांच्या प्रयोगांत, कापणी होतांच, पुऱ्या दरानें पण घरपोंच खत देण्याची सोय थोडे दिवस केली. त्यामुळें खताचा वापर जितका वाढला, तितका पुढें हंगामांत निम्म्या दरानें घरपोंच देऊनहि वाढला नाहीं.