फ्लोराइडचा गाळणा संपला, हे कसे कळणार?

यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत बोअरचे पाणी नितळ असते, चवीलाही वावगे नाही. पण वर्षानुवर्षे ते पिणाऱ्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात, मोठ्यांचे सांधे आखडतात. कारण पाण्यातील फ्लोराइड. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा.

पाणी उकळले तर? वाफ जाते, फ्लोराइड मागे राहतो. प्रमाण उलट वाढते. कॅण्डलच्या गाळण्यातूनही तो निसटतो, कारण तो गाळ नव्हे, विरघळलेला आयन आहे.

यासाठी सक्रिय अॅल्युमिनाचे सच्छिद्र दाणे वापरतात. पाणी सावकाश झिरपताना फ्लोराइड दाण्यांच्या पृष्ठभागाला चिकटतो. (‘गाळणे’ हा शब्द इथे खरे तर चुकीचाच!) चिकटण्याच्या जागा संपल्या की तो सरळ खाली उतरतो. पाणी अल्कधर्मी असेल तर जागा लवकर संपतात. म्हणून एका गावचा ‘इतके लिटर चालेल’ हा हिशेब दुसऱ्या गावी लागू पडेलच असे नाही. कॅण्डल तुंबली की धार बारीक होते. इथे धार तीच, चव तीच. आम्हाला धोका वाटतो तो याचाच.

तेव्हा गाळलेले पाणी दरमहा तपासावे. झिर्कोनियम-अॅलिझारिनचे लालसर द्रावण फ्लोराइडमुळे पिवळे पडत जाते. शाळेत हे जमेल. मात्र त्यात तीव्र आम्ल असल्याने ते शिक्षकांनीच हाताळावे. संपलेले दाणे कॉस्टिक सोडा व नंतर आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येतात, पण घरी नको. त्या धुवणात महिनोन्‌महिने साठलेला फ्लोराइड असतो आणि घरचे सांडपाणी बहुधा विहिरीकडेच मुरते.