भोक गोल दिसेपर्यंत

मांडीचं हाड मधेच मोडलं की ऑर्थोपेडिक सर्जन खुब्याजवळ छोटी चीर देतात आणि हाडाच्या पोकळीत लांब रॉड सरकवतात. जर्मनीच्या गेरहार्ट क्युंचर यांनी १९३९ मध्ये हा उपाय सुरू केला. आजच्या रॉडला दोन्ही टोकांना आरपार भोकं असतात. त्यांतून आडवे स्क्रू घातले की तुकडे फिरत नाहीत आणि पायही आखूड होत नाही. वरच्या भोकांचं काम सोपं असतं, कारण रॉडच्या मुठीला जोडलेला साचा ड्रिल कुठं लावायचं ते दाखवतो. खालच्या टोकाशी हाच साचा दगा देतो. मांडीचं हाड पुढच्या बाजूला बाकदार असतं आणि त्यातून उतरताना रॉडही किंचित वाकतो. मग गुडघ्याच्या वर, स्नायू आणि हाडाच्या आड असलेलं काही मिलिमीटरचं भोक फक्त एक्स-रेच्या सावलीवरून शोधावं लागतं.

सी-आर्म लागतो तो इथं. फिलिप्सनं १९५५ मध्ये असं यंत्र बाजारात आणलं. कमानीच्या एका टोकाला एक्स-रे ट्यूब, दुसऱ्या टोकाला किरण टिपणारा भाग आणि मधे टेबलावर रुग्ण. सर्जन ‘शूट’ म्हणतात, टेक्निशियन बटण दाबतो आणि पडद्यावर भोक उमटतं. ते लंबगोल दिसलं तर किरण तिरके जात आहेत. पाय हलवायचा नाही, कमान जराशी कलती करायची आणि पुन्हा शूट. भोक पूर्ण गोल दिसलं की त्याच रेषेत ड्रिल. एवढ्याशा कामात किती किरण खर्च होतील, हे सर्जनच्या हातावर जितकं अवलंबून असतं, तितकंच कमान नेमकी हलवणाऱ्या टेक्निशियनवरही.

म्हैसूर शहर या कहाणीच्या दोन्ही टोकांना आहे. बंगळूरू–म्हैसूर द्रुतगती मार्गाचं उद्‌घाटन १२ मार्च २०२३ रोजी झालं. अपघात इतके गाजले की १ ऑगस्टपासून मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरना बंदी करावी लागली. अशा अपघातांतली मोडकी हाडं शेवटी ऑर्थोपेडिक ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत येतात. दुसरीकडे, त्या ओटीत लागणारी एक्स-रे यंत्रं बनवणारी स्कॅनरे टेक्नॉलॉजीज ही कंपनीही म्हैसूरचीच. विश्वप्रसाद आळ्वा यांनी ती २००७ मध्ये सुरू केली. २०२० मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सनं ३० हजार व्हेंटिलेटर बनवले, तेव्हा बहुतेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं, कारण त्यांचं तंत्रज्ञान स्कॅनरेकडून आलं होतं. एक्स-रे हा मात्र तिचा मूळ धंदा.

नव्या सी-आर्ममध्ये नवं काय, याचं उत्तर बहुतेक वेळा किरण टिपणाऱ्या भागात सापडतं. जुन्या यंत्रात तिथं इमेज इंटेन्सिफायर नावाची मोठी निर्वात नळी असते. आपल्याकडच्या ओटीत अख्ख्या यंत्रालाच ‘आयआयटीव्ही’ म्हणतात, ते तिच्यामुळे. किरणांचा आधी प्रकाश होतो, प्रकाशातून इलेक्ट्रॉन सुटतात, ते वेगानं छोट्या पडद्यावर आदळतात आणि चित्र हजारो पटींनी उजळतं. युक्ती सुंदर आहे, पण नळीचं तोंड फुगीर असल्यानं कडेला चित्र ताणलं जातं. शिवाय उडणाऱ्या इलेक्ट्रॉनना पृथ्वीचं चुंबकत्वही ढळवतं. सरळ रॉड कडेला बाकदार दिसतो आणि कमान फिरवली की तो बाक बदलतो. म्हैसूरच्या ओटीत पाय मोजताना पृथ्वी अशी लुडबुड करते, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मजेशीर सत्य वाटतं.

नव्या यंत्रात नळीऐवजी सपाट पॅनेल असतं. सीझियम आयोडाइडचे सुईसारखे स्फटिक किरणांचा प्रकाश करतात आणि खालचे सूक्ष्म प्रकाशसंवेदक तो जागच्या जागी मोजतात. उडणारे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून चित्र कडेपर्यंत सरळ येतं. धातूचा रॉड आणि त्याभोवतीचं विरळ हाड एकाच चित्रात नीट दिसतं. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये याला फार किंमत आहे. तिथं मोठ्या स्क्रूचं टोक हाडाच्या गोळ्याच्या शिखरबिंदूजवळ हवं. समोरून आणि बाजूनं घेतलेल्या चित्रांत मोजलेल्या या अंतरांची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत ठेवावी, असा १९९५ पासूनचा दंडक आहे. बेरीज वाढली की स्क्रू हाड चिरून बाहेर येण्याचा धोका वाढतो.

मग नवं यंत्र म्हणजे आपोआप कमी किरण? विक्रेते तसं सुचवतात, पण मला ते पटत नाही. किरण फार कमी केले तर पॅनेलच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सची खरखर चित्रात शिरते. सीमॉस प्रकारच्या पॅनेलमध्ये ती कमी असते, तरी संपत नाही. चौकोनी पॅनेलवर जास्त भाग दिसतो, म्हणून झोत आखडला नाही तर शरीराचा जास्त भाग किरणांत येतो. आणि चित्र देखणं असलं की बघण्याचा मोह होतो. यंत्र किरण सलग न सोडता स्पंदांत सोडू शकतं आणि शेवटचं चित्र पडद्यावर गोठवून ठेवतं. या सोयी कुणी वापरल्याच नाहीत तर महागडं पॅनेल काय करणार?

ओटीतल्या माणसांपर्यंत किरण पोहोचतात ते मुख्यतः रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले. अंतर दुप्पट केलं की ते साधारण चौथाईवर येतात. विखुरणं ट्यूबच्या बाजूला जास्त असतं, म्हणून ट्यूब टेबलाखाली ठेवायची. लेड अॅप्रन धड झाकतो, हात आणि डोळे झाकत नाही. विल्हेल्म राँटजेननी १८९५ च्या डिसेंबरात पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं आणि जग थक्क झालं. आज सर्जनची स्वतःची बोटं पडद्यावर दिसली तर ती चूक मानतात, कारण हात थेट झोतात आहे.

मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेनं किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी मर्यादा ठरवली आहे: पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षी ३० पेक्षा जास्त नाही. मोजणी अंगावर लावायच्या टीएलडी बॅजवर होते, आणि तो खुंटीवर टांगून ठेवला तर खुंटीची होते.

यापुढची पायरी त्रिमितीय सी-आर्मची. कमान रुग्णाभोवती फिरून अनेक चित्रं घेते आणि संगणक त्यांतून सीटीसारखे काप रचतो. टाचेचं हाड किंवा गुडघ्याचा सांधा यांत स्क्रू सांध्यात घुसलाय का, हे जखम शिवण्याआधी कळतं. ऑपरेशननंतरच्या सीटीत ते कळलं, तर रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. कमानीच्या त्या फेरीत किरण बरेच जातात, पण तेवढा वेळ सगळ्यांना बाहेर किंवा आडोशाला उभं राहता येतं.

रुग्णालयानं असं यंत्र घेताना किमतीच्या बरोबरीनं टेक्निशियनच्या प्रशिक्षणाचे दिवस ठरवून घ्यावेत, असं मला वाटतं. ऑपरेशन संपल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात किरणांची एकूण वेळ आणि मात्रा लिहिलेली असते. ते दोन आकडे केसपेपरवर उतरवले तर महिनाभरात कळेल, नव्या यंत्रानं त्या ओटीत खरंच काही कमी केलं की नाही.