मालेगावचे कसब आणि आपल्या घरचा पडदा : अल्प खर्चात चित्रपट दाखविणारा संगणक

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघाले की सुमारे शंभर किलोमीटरवर मोसम नदीकाठचे मालेगाव लागते. यंत्रमागांचा खडखडाट आणि चित्रपटांचे वेड या दोन गोष्टींसाठी हे शहर सर्वदूर ओळखले जाते. शुक्रवार हा यंत्रमाग कामगारांच्या सुटीचा दिवस. त्या दिवशी चित्रपटगृहांसमोर गर्दी होई, तशीच ती लहानलहान व्हिडिओ पार्लरमध्येही होत असे. एक खोली, एक संच, एक व्हीसीआर आणि समोर दाटीवाटीने बसलेली माणसे, एवढाच काय तो सारा थाट. अशाच एका पार्लरचे चालक नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा विडंबनपट तयार केला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. संकलनाची कला त्यांनी दोन व्हीसीआर जोडून आत्मसात केली. पुढे त्यांच्या 'सुपरमॅन'च्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती दिग्दर्शित 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' प्रदर्शित झाल्यावर ही कथा घरोघरी पोहोचली.

या प्रस्तावनेचे कारण असे, की उत्तम चित्र पाहण्यासाठी लाखभर रुपयांची यंत्रसामग्री लागते, असा समज आज पुष्कळ कुटुंबांत आणि क्वचित सभागृहांच्या व्यवस्थापक मंडळांतही आढळतो. दुकानदार तो समज दूर करीत नाहीत, हे सांगावयास नकोच. मालेगावकरांनी जे जवळ होते त्यातून काम भागविले. आपणासही ते शक्य आहे. मात्र आत काय चालते हे थोडे समजून घ्यावयास हवे.

प्रथम आकड्यांकडे पाहू. व्हीसीडीचे एक चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारे एक लाख बिंदूंचे असे. डीव्हीडीचे सुमारे चार लाखांचे, फुल एचडीचे वीस लाखांहून थोडे अधिक, आणि ज्यास आपण '४के' म्हणतो त्याचे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख बिंदूंचे. चित्रपटात अशी २४ चित्रे दर सेकंदाला पडद्यावर येतात. ती सारी जशीच्या तशी साठवावयाची म्हटले तर एका सेकंदालाच सुमारे ६०० मेगाबाइट जागा लागेल, आणि दोन तासांच्या चित्रपटाला चार टेराबाइटहून अधिक. प्रत्यक्षात तोच चित्रपट पंधरा-वीस गिगाबाइटमध्ये मावतो. हे कसे घडते?

साडी विणताना कारागीर प्रत्येक इंच नव्याने आखत नाही. अंगाची वीण एकदा ठरली की ती चालू राहते. जेथे काठ वा पदर येतो तेथेच बदल होतो. चित्रफितीचेही तसेच आहे. एक चित्र पूर्ण साठविले जाते, आणि त्यानंतरच्या चित्रांत केवळ काय हलले, काय बदलले, एवढेच टिपले जाते. या टिपणाच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. एच.२६४ ही २००३ ची, एचईव्हीसी ही २०१३ ची आणि एव्ही१ ही २०१८ ची. पद्धत जितकी नवी तितकी फाइल लहान. परंतु ती उलगडून पुन्हा पूर्ण चित्र उभे करण्याचे गणित तितकेच किचकट.

येथेच जुने संगणक अडखळतात. हे गणित मुख्य प्रोसेसरवर सोपविले तर तो तापतो, पंखा घोंगावतो आणि चित्र थांबत थांबत पुढे सरकते. उलट, केवळ याच कामासाठी घडविलेला एक लहानसा भाग ज्या चिपमध्ये असतो, ती चिप तेच काम लीलया करते. म्हणून स्वस्त संगणक निवडताना 'किती वेगवान?' हा प्रश्न दुय्यम आहे. 'कोणती पद्धत स्वतः उलगडतो?' असे विचारावे. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या, म्हणजे साधारणतः २०१७ नंतरच्या, प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स दहा-बिट एचईव्हीसी उलगडते. एव्ही१ साठी मात्र अकरावी पिढी किंवा २०२३ मध्ये आलेली एन१०० ही लहान चिप हवी.

मोठ्या कार्यालयांतून दर चार-पाच वर्षांनी बदलले जाणारे, वहीएवढ्या आकाराचे छोटे संगणक जुन्या बाजारात येत असतात. आठव्या पिढीचा असा संगणक दहा ते पंधरा हजार रुपयांच्या आसपास मिळतो; भाव अर्थातच बदलते असतात. ८ जीबी मेमरी पुरेशी. एसएसडी केवळ प्रणालीसाठी लहानशी असावी. चित्रपट साठविण्यास साधी हार्ड डिस्क चालते, कारण तिचा वाचनाचा वेग चित्रपटाच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक असतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेऊ नये. ते आग्रहाने गळ्यात मारले जाते, आणि या कामासाठी त्याची मुळीच आवश्यकता नसते.

प्रणालीवर खर्च करण्याचेही कारण नाही. लिब्रेईएलईसी ही मोफत प्रणाली संगणक सुरू होताच थेट कोडी हा कार्यक्रम उघडते. मग आजी-आजोबांनाही साध्या रिमोटने तो हाताळता येतो. ज्यांना विंडोज हवे त्यांनी व्हीएलसी वापरावे. तेही मोफत आहे.

जोडणीच्या वायरीविषयी मात्र सावध राहावे. प्रस्तुत लेखकाचा पूर्ण रविवार याच गोष्टीपायी वाया गेला होता. आठव्या पिढीच्या अनेक संगणकांवरील एचडीएमआय खाच जुन्या १.४ प्रकारची असते. तिच्यातून ४के चित्र सेकंदाला तीस वेळांपेक्षा अधिक जात नाही. चोवीस चित्रांच्या चित्रपटास तेवढे पुरते. पण पडद्यावरील बाण अडखळतो आणि माणसास वाटते की यंत्रच बिघडले. अशा वेळी शेजारच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय २.० देणारा ॲडॉप्टर जोडावा.

दुसरी खोच अशी, की बहुतेक संच सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतात, आणि २४ ने ६० ला नि:शेष भाग जात नाही. मग एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा असे दाखविले जाते, आणि कॅमेरा आडवा फिरताना दृश्य हिसके देते. कोडीच्या मांडणीत चित्रपटानुसार संचाचा वेग बदलण्याची सोय आहे, ती सुरू करावी. खर्च शून्य, आणि फरक डोळ्यांना लगेच जाणवणारा.

आता जो प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा तो : आपणास ४के हवे तरी का? निरोगी डोळ्याची सूक्ष्म भेद जाणण्याची शक्ती मर्यादित आहे. ४३ इंची संचापासून साडेपाच फुटांपलीकडे बसले की फुल एचडीचे बिंदूसुद्धा वेगळे दिसत नाहीत. मग त्यांच्या चौपट बिंदू कोणासाठी? सभागृहातील शंभर इंची पडद्यासाठी हे अंतर सुमारे तेरा फूट येते, म्हणजे लाभ झालाच तर पुढच्या दोन-तीन रांगांना. तेव्हा सभागृहासाठी फुल एचडी प्रोजेक्टर घ्यावा आणि उरलेले पैसे ध्वनिवर्धकावर खर्चावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अंधूक चित्र लोक सहन करतात. न समजणारे संवाद नव्हे.

ज्या घरी केवळ वर्गणीच्या वाहिन्याच पाहिल्या जातात, त्यांनी हा खटाटोप करू नये. मोफत प्रणालींवर या वाहिन्या सहसा उच्च दर्जाचे चित्र देत नाहीत. त्यांच्यासाठी नामांकित कंपनीची टीव्ही स्टिक बरी. 'सर्व वाहिन्या फुकट' असे सांगून विकल्या जाणाऱ्या निनावी पेट्यांपासून तर दूरच राहावे. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातील एका तज्ज्ञाने टी९५ नावाच्या अशाच एका पेटीत कारखान्यापासूनच भरलेली घातक प्रणाली उघडकीस आणली. आपल्या घरच्या इंटरनेटवरून कोण काय करीत आहे, हे अशा घरात कोणासही कळत नाही.

सभागृहातील सार्वजनिक खेळाबाबतही कायदा आहे. विकत घेतलेली डिस्क घरी पाहण्यासाठी असते. लोकांना दाखविण्यासाठी हक्कधारकाची अनुमती लागते. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यानंतरचे चित्रपट मोकळे. आपल्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र', जेवढा शिल्लक आहे तेवढा, निर्धास्तपणे दाखविता येतो. प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहूनच फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा झाली, हे बालगोपाळांना सांगण्यासारखे आहे.

विजेचा हिशेबही या छोट्या संगणकाच्या बाजूने आहे. चित्रपट दाखविताना तो साधारणतः वीस वॅट घेतो; रोज तीन तास चालविला तरी महिन्याला दोन युनिटांहून कमी. वीज गेली तरी घरचा इन्व्हर्टर तो सहज ओढतो, अर्थात संचाचा भार निराळा.

किरकोळ अडचणी दोन. चार गिगाबाइटहून मोठी फाइल पेन ड्राइव्हवर उतरत नसेल तर तो फॅट३२ पद्धतीने आखलेला असतो. एक्सफॅट करून घ्यावा. मराठी उपशीर्षके युनिकोडमध्येच साठवावीत. जुन्या फाँटमध्ये टंकलेली असल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात.

शेवटी कपाटातील त्या काळ्या फितींविषयी. नव्वदच्या दशकातील लग्ने, बाप्तिस्मे, आता हयात नसलेल्या आजीचा आवाज, हे सारे व्हीएचएस फितींत आहे, आणि दमट हवेत त्या फितींना बुरशी धरते. चालू स्थितीतील व्हीसीआर मिळणे दरवर्षी कठीण होत चालले आहे. घरच्या संगणकावर पहिला चित्रपट पाहण्यापूर्वी एक साधे कॅप्चर उपकरण आणून या फिती आत उतरवून घ्याव्यात. ७२० गुणिले ५७६ आणि सेकंदाला २५ चित्रे ही मांडणी ठेवावी. त्याहून मोठी ठेवल्याने काही वाढत नाही. पांढरी बुरशी दिसत असेल तर फीत यंत्रात घालू नये, कारण ती यंत्राच्या हेडला लागून पुढच्या फितींतही पसरते. चांगली फीत एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून घ्यावी, मगच नोंदणी सुरू करावी. तीन तासांची फीत तीन तासच घेते. तेवढा वेळ घरातील कोणीतरी शेजारी बसावे आणि पडद्यावर कोण कोण दिसते त्यांची नावे वहीत लिहून ठेवावीत.