यादी कुठे थांबवायची

मेडिकलला किती कॉलेजं भरायची, हा प्रश्न ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या मुलाला फारसा पडत नसे. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीच्या गुणांवर प्रवेश व्हायचे आणि यादी मध्य रेल्वेच्या स्लो लोकलनं आधीच करून ठेवलेली असायची. शीवला उतरलं की लोकमान्य टिळक, परळला केईएमचं जी. एस., भायखळ्याला उतरून जे. जे.चं ग्रँट. बोरिवली-अंधेरीकरांसाठी हीच यादी एल्फिन्स्टन रोड आणि मुंबई सेंट्रलनं सुरू व्हायची, कारण नायर तिथं. चार नावं, त्यांचा क्रमही सगळ्यांना पाठ. गुण कमी पडले तर पुढं मिरज, सोलापूर, अंबेजोगाई अशी नावं निघायची. ती निघाली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "एवढ्या लांब कशाला? बी.एस्सी. कर की." यादी तिथं संपायची. 1992 मध्ये कळव्याला राजीव गांधी कॉलेज निघालं, तेव्हा मुलुंडकरांच्या यादीत एक नाव वाढलं, कारण तेही त्याच रुळावर, दोनच स्टेशनं पलीकडे.

मागं वळून पाहताना मला दिसतं ते असं, की कुठल्याही काळात यादीची लांबी फॉर्मनं ठरवलेली नाही. शेवटच्या नावाखाली घर जी रेघ ओढतं, तिनं ठरवली. ही रेघ आधी अंतराची होती, मग पैशाची झाली आणि आता पॅथीची झाली आहे. मधली काही वर्षं मात्र रेघ ओढायला सवडच नव्हती.

पैशाची रेघ यायला सुरुवात 1983 पासूनच झाली होती. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि थोड्याच वर्षांत वाशीच्या खाडीपलीकडे नेरूळ, कामोठे अशी नावं ऐकू येऊ लागली. पण त्या काळी ती यादीत लिहायची नावं नव्हती. ज्यांना परवडायचं ते थेट जायचे, बाकीचे त्याबद्दल देणगीच्या आकड्यासकट कुजबुजायचे. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या उन्नीकृष्णन निकालानं खासगी कॉलेजांतही 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' असे दोन भाग पाडले. तेव्हा मध्यमवर्गाच्या यादीत खासगी नावं पहिल्यांदा उजळ माथ्यानं आली. हिशेबाची वही मात्र तेव्हापासून प्रवेशाच्या फायलीतच राहू लागली.

खरी धावपळ सुरू झाली ती सीईटीच्या काळात. बारावीचे गुण मागं पडले, राज्याची सीईटी आली, आणि पाहता पाहता परीक्षांचं मोहोळ उठलं. सरकारी जागांसाठी राज्याची सीईटी. विनाअनुदानित कॉलेजांच्या संघटनेची वेगळी असो-सीईटी. देशभरातल्या पंधरा टक्के जागांसाठी सीबीएसईची एआयपीएमटी. एम्सची स्वतंत्र, पुण्याच्या एएफएमसीची स्वतंत्र, आणि अभिमत विद्यापीठांच्या प्रत्येकाच्या आपापल्या. सेवाग्रामच्या महात्मा गांधी संस्थेची परीक्षा तर सगळ्यांत निराळी. तिथं फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गांधीविचारांचाही पेपर असायचा, आणि बोरिवलीचा मुलगा मार्चमध्ये एका हातात एचसी वर्मा आणि दुसऱ्या हातात गांधीजींचं आत्मचरित्र धरून बसलेला दिसायचा.

'किती ठिकाणी अर्ज करायचे' हा प्रश्न शब्दशः खरा होता तो याच वर्षांत. प्रत्येक अर्जाला एक डिमांड ड्राफ्ट, दोन फोटो, ॲटेस्टेशनसाठी ओळखीचा राजपत्रित अधिकारी आणि परीक्षेच्या दिवशी कुठलं तरी लांबचं केंद्र. दोन परीक्षा एकाच रविवारी आल्या की घरात मतदान. वडील म्हणायचे सगळे भरून टाक, कुठं लागेल सांगता येत नाही. आई हॉल तिकिटांच्या तारखा कॅलेंडरवर लिहून दमायची. त्या काळातल्या घरांचं मला कौतुक वाटतं आणि रागही येतो. सतरा वर्षांच्या मुलानं एप्रिल-मे महिन्यात दर आठवड्याला वेगळ्या नमुन्याचा पेपर देणं यात शहाणपण काहीच नव्हतं, आणि ज्यांच्याकडे ड्राफ्टचे पैसे नव्हते त्यांची यादी गुणांआधीच छोटी होत होती.

हे सगळं मोडून एकच परीक्षा आणायची म्हणून 5 मे 2013 रोजी पहिली नीट झाली. 18 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं ती रद्द ठरवली. महाराष्ट्र पुन्हा सीईटीकडे वळला. मग एप्रिल 2016 मध्ये न्यायालयानं आपला तो निकाल मागं घेतला आणि महिनाअखेरीस आदेश दिला की याच वर्षी नीट. 1 मेची एआयपीएमटी हा नीटचा पहिला टप्पा, दुसरा 24 जुलैला. मधल्या 5 मेला राज्याची सीईटी होती. 24 मे रोजी केंद्रानं वटहुकूम काढून राज्यांना सरकारी जागांपुरती एका वर्षाची सूट दिली, म्हणजे महाराष्ट्रात सरकारी कॉलेजांना सीईटी चालली आणि खासगींना नीट लागली. त्या वर्षी बारावी झालेल्यांना आजही विचारा, मे महिना कसा गेला ते तारीखवार सांगतील. 2017 पासून नीट कायम झाली, मराठीतूनही देता येऊ लागली, आणि 2020 पासून एम्सचीही वेगळी परीक्षा उरली नाही.

आता अर्ज एक, परीक्षा एक, आणि पसंतीक्रमाची यादी जवळजवळ फुकट. दिल्लीच्या समुपदेशन समितीच्या फॉर्ममध्ये तर कितीही नावं भरता येतात. इथं उपनगरात एक विचित्र समजूत पसरली: कमी नावं भरली की 'चांगलं' लागतं, जास्त भरली की संगणक खालचंच काहीतरी गळ्यात मारतो. हा गैरसमज मी शिकल्यासवरल्या माणसांकडून, अगदी बँकेत अधिकारी असलेल्यांकडूनही ऐकला आहे. प्रत्यक्षात संगणक गुणवत्ता यादीतल्या क्रमानं एकेका उमेदवाराकडे येतो आणि त्याची यादी वरून खाली वाचतो. पहिली जी जागा रिकामी आणि त्याच्या प्रवर्गात बसणारी, ती त्याला देतो. खाली विसावं नाव लिहिल्यानं वरच्या तिसऱ्या नावाची शक्यता तसूभरही कमी होत नाही. धोका एकच: जे लिहिलं ते लागू शकतं, आणि लागलं की घ्यावं लागतं. अखिल भारतीय कोट्यात पहिल्या फेरीत सोडलेल्या जागेला मात्र दंड नाही. दुसऱ्या फेरीत लागलेली जागा नाकारली तर अनामत गेली. ही अनामत सरकारी जागांना खुल्या गटासाठी दहा हजार, अभिमत विद्यापीठांना दोन लाख. राज्याच्या नियमपुस्तिकेत दर वर्षी बारीक फरक असतो आणि तो वाचायचा कंटाळा करणाऱ्यांना महागात पडतो.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशांनी मुंबईकरांना याची थोडी तालीम दिली होती. 2009 पासून इथं अकरावी केंद्रीय पद्धतीनं भरते आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, हे दहावीच्या पालकांनाही तोंडपाठ आहे. पण अकरावीला वझे-केळकरऐवजी ठाण्याचं कॉलेज लागलं तर दोन वर्षांत सुटका. मेडिकलला साडेपाच वर्षं.

रेघ सगळ्यांत जोरात सरकली ती सप्टेंबर 2020 मध्ये. तोवर राज्यात 70:30 चं सूत्र होतं. कॉलेजातल्या सत्तर टक्के जागा त्याच विभागात बारावी केलेल्यांना, तीस टक्के राज्यभरासाठी खुल्या. त्यामुळे मुंबई-पुण्याची मुलं मराठवाडा आणि विदर्भाची नावं लिहीत, पण आशा फारशी ठेवत नसत. 8 सप्टेंबरला, नीटच्या पाच दिवस आधी, वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी विधानसभेत हे सूत्र रद्द केल्याचं जाहीर केलं. मराठवाड्याची ही जुनी मागणी होती, आणि तिथल्या मुलांची बाजू मला रास्त वाटते: त्यांच्या विभागात कॉलेजं कमी, स्पर्धा मात्र लातूरच्या शिकवण्यांमुळे जबरदस्त. उपनगरात मात्र त्या आठवड्यात एकच विषय होता. केईएमच्या रांगेत आता नांदेडचा मुलगाही त्याच हक्कानं उभा, आणि आपल्या मुलाच्या यादीत नांदेडही खऱ्या अर्थानं आलं. यादी दोन्ही बाजूंनी लांब झाली.

त्यातच नवी कॉलेजं आली. 2015 मध्ये कूपर रुग्णालयात महापालिकेचं बाळासाहेब ठाकरे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि पश्चिम उपनगरांना पहिल्यांदा घराजवळचं पालिकेचं कॉलेज मिळालं. पुढं नंदुरबार, अलिबाग, सिंधुदुर्ग, धाराशिव, परभणी. 9 ऑक्टोबर 2024 रोजी तर पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या दहा सरकारी कॉलेजांचं एकदम उद्घाटन झालं: मुंबई, अंबरनाथ, नाशिक, जालना, बुलडाणा, वाशीम, अमरावती, भंडारा, हिंगोली, गडचिरोली. पूर्वी "एवढ्या लांब कशाला" म्हणणारी आई आता गूगल मॅपवर हिंगोली काढून बघते. लांबच्या सरकारी कॉलेजाची फी लाख-दीड लाखाच्या घरात, आणि खाडीपलीकडच्या अभिमत विद्यापीठाची वर्षाला वीस लाखांच्या वर. अंतराची रेघ पैशाच्या रेघेनं पुसली ती अशी. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं, खासगी कॉलेजांतल्या केंद्रीय प्रवेशाच्या जागांसकट, अभिमत विद्यापीठं वगळून. ज्या घरांत मुलीची यादी नेहमी भावाच्या यादीपेक्षा आखूड असायची, तिथं ती पहिल्यांदा लांब झाली. मात्र नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणीचे कागद वेळेत हवेत, नाहीतर सगळी गणितं कोसळतात.

गेल्या वर्षाचे कट-ऑफ बघून यादी आखायची, हा सगळ्यांचा उपाय. 2024 आणि 2025 नं त्याचाही भरवसा काढून घेतला. 2024 ला गुणांची अशी लयलूट झाली की आधी 67 जणांना 720 पैकी 720 होते, सुधारित निकालात ते 17 उरले. 2025 ला फिजिक्सचा पेपर असा आला की देशात पहिल्या आलेल्याला 686 गुण होते. आदल्या वर्षीच्या गुणांवर कॉलेज शोधणारे पालक त्या जूनमध्ये हतबल झाले. गुण सोडून क्रमांक बघा, हे क्लासवाल्यांनी सांगायला हवं होतं; काहींनी सांगितलंही.

आणि मग पॅथीची रेघ. राज्यात एमबीबीएस आणि बीडीएस 'ग्रुप ए'मध्ये. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी 'ग्रुप बी'मध्ये. ग्रुप ए हाती लागत नाही असं दिसलं की वरळीचं पोदार आयुर्वेद आणि इर्ल्याचं चंदाबेन पटेल होमिओपॅथिक ही नावं घरात शिरतात. न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलांसमोर जवळपास अशाच दोन याद्या असतात, एमडीची आणि ऑस्टिओपॅथीची, म्हणजे डीओची. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला काढलेल्या कॉलेजातून ही शाखा निघाली. तिथं दर कॉलेजामागे शुल्क, मग दुय्यम अर्जाचं वेगळं शुल्क आणि निबंध, म्हणून 'किती' हा प्रश्न आपल्या असो-सीईटीच्या दिवसांसारखा खिशाला लागतो. पण डीओला तिकडे डॉक्टरकीचा पूर्ण परवाना आहे, आणि 2020 पासून दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यताही एकाच छत्राखाली आली. आपल्याकडच्या ग्रुप बीला तसा सरळ रस्ता नाही. महाराष्ट्रानं 2014 मध्ये कायदा बदलून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट काढली. त्यांच्या नोंदणीवरून सप्टेंबर 2025 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशननं राज्यात एक दिवसाचा संप केला. फॉर्म भरताना पालक विचारतात, "पुढं ॲलोपॅथी करता येईल ना?" आणि दहा वर्षांनी काय नियम असेल हे त्यांना सांगणारं कुणी नसतं.

त्यामुळे ग्रुप बीची यादी बऱ्याच घरांत भरलीच जात नाही, त्याऐवजी 'ड्रॉप' घेतला जातो. 2022 मध्ये नीटची वयाची कमाल मर्यादा काढून टाकल्यापासून ड्रॉपलाही शेवट उरलेला नाही. एका वर्षानं मुलगा वरच्या कॉलेजात जातो, हे खरं. तीन वर्षांनी तो अजून घाटकोपरच्या त्याच क्लासच्या रिपीटर बॅचमध्ये बसतो, हेही खरं. माझं मत विचाराल तर एक ड्रॉप समजण्यासारखा आहे. दुसऱ्याच्या आधी मात्र पोदारची ओपीडी एकदा मुलाला दाखवून आणावी, आणि तिथून परतताना त्यानं काय म्हटलं ते वडिलांनी मध्ये न बोलता ऐकावं.