बाटलीतलं कणीस

बुर्बनवरचं आयात शुल्क 150 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर आलं, ही फेब्रुवारी 2025ची बातमी एव्हाना पिणाऱ्यांच्या तोंडपाठ झाली आहे आणि न पिणाऱ्यांच्याही. मोदी-ट्रम्प भेटीच्या तोंडावर ती अधिसूचना निघाली. पुढे ब्रिटनशी करार झाला आणि गप्पा स्कॉचकडे वळल्या. या सगळ्यात एक गोष्ट निसटली. सवलत नाव घेऊन फक्त बुर्बनला दिली होती. अमेरिकेतलीच, पण बुर्बन नसलेली व्हिस्की त्या कागदात बसत नव्हती.

नेमकी तसली बाटली आमच्या धाराशिवच्या घरी आली. भाचा टेक्सासात असतो, त्याने सामानातून आणली. वेको गावच्या बाल्कोनेसची 'बेबी ब्लू', 46 टक्क्यांची, निळ्या मक्याची. महाराष्ट्रात दारू प्यायला 1949च्या कायद्याप्रमाणे अजूनही परवाना लागतो. तो माझ्याकडे आहे, तेव्हा पुढचं निर्धास्त वाचावं.

बुर्बनमध्येही मकाच असतो, निदान 51 टक्के. पण बुर्बनची चव मक्याची नसते. आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात ती मुरवावी लागते, आणि ते जळकं लाकूड व्हॅनिला, करपलेली साखर असं सगळं आपलंच त्यात ओततं. अमेरिकी नियमांत 'कॉर्न व्हिस्की' म्हणून वेगळा वर्ग आहे. तिला मका निदान 80 टक्के, पिंपात नाही ठेवली तरी चालतं, आणि ठेवलीच तर पिंप आधी वापरलेलं किंवा न जाळलेलं हवं. लाकडाची दादागिरी नाही. दाणा काय बोलतो ते ऐकू येतं. मला हा सगळा प्रकार आवडतो तो एवढ्यासाठीच.

घोट घेण्याआधी पेला आत्याकडे सरकवला. तिने जन्मात दारूला तोंड लावलेलं नाही, पण धान्याचा वास तिच्याइतका ओळखणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पोत्यात हात घालून ती ज्वारी ओल खाल्लेली आहे का ते सांगते. पदर नाकाशी धरून तिने एकदा हुंगलं, मग पदर बाजूला करून दुसऱ्यांदा.

"कणीस भाजलंय व्हय रं ह्यात?"

"मक्याचीच आहे, आत्या."

"आन् लोणी बी हाय. वरनं उलीसा गूळ." तिसऱ्यांदा हुंगून म्हणाली, "आगटीवरच्या हुरड्यागत यायला लागलंय, पर त्यो वल्ला आसतुया. ह्यो वाळलेला दाना हाय."

यावर मी काय भर घालणार? जिभेवर आधी तिखटपणा, मग लाह्यांचा गोडवा, शेवटी घशाशी मक्याच्या पिठाची खरखर. पाण्याचे चार थेंब घातले तर भाजका वास आणखी वर येतो. बर्फ घातला की सगळं मिटतं, घालू नये.

अमेरिकेत 19 जानेवारी 2025 पासून 'अमेरिकन सिंगल माल्ट' हा आणखी एक वर्ग कायद्यात आला. सगळं माल्ट केलेलं जव, एकच भट्टी, 700 लिटरपर्यंतचं ओकचं पिंप. त्यासाठी तिथले भट्टीवाले 2016 पासून संघटना करून मागे लागले होते. रंगासाठी कॅरामेल घालायची मुभा ठेवली आहे, पण घातलं तर लेबलवर सांगावं लागतं. एवढी वर्षं भांडण कशासाठी, तर बाटलीत कुठलं धान्य आहे ते सांगण्यासाठी.

आणि आपल्याकडे? स्वस्त 'व्हिस्की'त बऱ्याचदा धान्यच नसतं, उसाच्या मळीचं स्पिरिट असतं. युरोपीय संघाच्या कायद्यात अशा दारूला व्हिस्की म्हणता येत नाही. ढोकी, रांजणीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला मळीचा वास ओळखायला आत्या लागत नाही. 2007 साली राज्याने ज्वारी-बाजरीपासून मद्यार्क काढायला लिटरमागे 10 रुपये अनुदान देऊ केलं, तेव्हा भाकरीची दारू होणार म्हणून रान उठलं. भट्टीला शाळू परवडत नाही, तिथे जाते ती पावसात भिजून काळी पडलेली खरिपाची ज्वारी. पण ही गोष्ट दोन्ही बाजूंना अडचणीची होती.

जून 2025 मध्ये विदेशी मद्यावरचा कर वाढवताना राज्याने 'महाराष्ट्र मेड लिकर' हा धान्याधारित वर्ग काढला. 180 मिलीला किमान 148 रुपये. नाव वाचून मला क्षणभर उमेद वाटली. पण मेख ऊर्ध्वपातनात आहे. अमेरिकेत व्हिस्कीचं स्पिरिट 80 टक्क्यांच्या वर नेलं तर तिला बुर्बन, राय किंवा कॉर्न व्हिस्की म्हणता येत नाही. दाण्याची चव उरावी म्हणूनच ही मर्यादा. आपल्याकडचं नेहमीचं स्पिरिट 95-96 टक्क्यांपर्यंत खेचलेलं. तिथे ज्वारी, तुकडा तांदूळ, मका सगळे एकाच जातीचे होतात. मग धान्याधारित म्हणा नाहीतर आणखी काही, आत्याला त्यात काही हुंगायला मिळणार नाही.

ज्वारीला चव नसते असं कुणी म्हणू नये. चीनची माओताई लाल ज्वारीची असते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधली एक छोटी भट्टी गोड ज्वारीच्या काकवीची व्हिस्की करते. काकवीचा प्रयोग आपल्या फलटणच्या निंबकर संस्थेने 'मधुरा' या गोड ज्वारीवर केलेलाच आहे. आणि वेळा अमावस्येला इकडचा अख्खा जिल्हा शेतात बसून जी आंबील पितो, ती ज्वारीच्या पिठाला आंबवूनच होते. तिचा आंबटपणा, लसूण, मातीच्या बिंदगीचा वास, हे ज्याने घेतलंय त्याला ज्वारी फिकी वाटणं शक्य नाही.

मी आत्याला म्हटलं, उद्या कुणी अशीच शाळूची काढली तर? तिने विचारलं, एका बाटलीला दाणा किती लागंल? मी कागदावर मांडलं. 46 टक्क्यांची पाऊण लिटर, पिंपातून उडून जाणारा भाग धरून, सव्वा-दीड किलो.

आत्याने बाटली उजेडात धरली, हिशेब मनात फिरवला.

"बरं. आन् कडबा कुनाचा?"